राबानंतरची पेरणी : घोर गुन्हेगार आणि करुणा

एक जुने कोडे

मराठी समाजमनात दोन गोष्टी शेजारी शेजारी नांदतात आणि त्यांच्यातील विसंगती सहसा कोणाला खटकत नाही. एखाद्या बालकाच्या अपहरणाची आणि हत्येची बातमी येते, तेव्हा अशा नराधमाला भर चौकात फाशी द्या, ही मागणी चहाच्या टपरीपासून विधिमंडळापर्यंत एकाच सुरात उमटते. आणि हेच लोक कीर्तनाच्या शेवटी ज्या पसायदानासाठी हात जोडून उभे राहतात, त्यात ज्ञानेश्वरांनी दुष्टांचा नाश मागितलेला नाही, तर त्यांच्या स्वभावातील वाकडेपणा सरावा आणि त्यांना सत्कर्माची गोडी लागावी, असे मागणे मागितले आहे. वाल्याचा वाल्मीकी झाला ही गोष्ट मुलांना अभिमानाने सांगितली जाते, बुद्धाने अंगुलिमालाला भिक्षुसंघात घेतले ही कथा आदराने ऐकली जाते. मात्र आजचा वाल्या कारागृहाच्या बराकीत बसलेला असतो, तेव्हा त्याच्याविषयी करुणेचा शब्द काढणे हा पीडितांचा अपमान मानला जातो.

या कोड्याची उकल करताना प्रथम हे ध्यानात घ्यावे लागते, की लोकांचा संताप हा करुणेच्या अभावातून आलेला नसतो. मूल गमावलेल्या आईचे दुःख मनाला भिडते, म्हणूनच गुन्हेगाराविषयी चीड येते. ज्याला कोणाचेच दुःख कळत नाही, त्याला संतापही येत नाही. मनाची करुणा ही विजेरीच्या झोतासारखी असते. झोत जेथे पडतो तेथील सारे काही स्पष्ट दिसते आणि उरलेले अंगण अधिकच काळोखे वाटू लागते. हा झोत आधी पीडितावर पडावा हे सर्वस्वी योग्य आहे; प्रश्न एवढाच उरतो, की तो कायम तेथेच खिळून राहावा, की कधीतरी गजाआडच्या माणसापर्यंतही जावा.

तो तेथवर गेला पाहिजे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. ही करुणा शिक्षेची जागा घेणारी नाही, ती शिक्षेच्या आत राहून काम करणारी आहे. आणि पीडितांना डावलून ती उभीच राहू शकत नाही. भारतीय कायद्याने व महाराष्ट्रातील कारागृहांच्या व्यवहाराने यासाठी काही यंत्रणा घडवल्या आहेत. त्या कशा चालतात आणि कोठे अडतात, हे पायरीपायरीने पाहिले, तर कोडे बरेचसे सुटते.

तीन शब्द, तीन अधिकार

रोजच्या बोलण्यात क्षमा, दया आणि करुणा हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात आणि बहुतेक वाद तेथूनच सुरू होतात. क्षमा करण्याचा अधिकार ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा असतो. तो दुसऱ्या कोणाला उसना घेता येत नाही, आणि ज्याचा खून झाला त्याच्या वतीने न्यायाधीश, मंत्री किंवा शेजारी क्षमा करू शकत नाहीत. पीडिताच्या नातलगांनी क्षमा करावी, अशी अपेक्षा त्यांच्यावर लादणे हाही एक प्रकारचा अन्यायच होय.

दया हा शासनाच्या हाती असलेला घटनात्मक अधिकार आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७२ नुसार राष्ट्रपतींना आणि अनुच्छेद १६१ नुसार राज्यपालांना शिक्षा माफ करण्याचा, तहकूब करण्याचा, कमी करण्याचा किंवा बदलून सौम्य करण्याचा अधिकार असून तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरला जातो. तो मनाच्या लहरीवर चालत नाही. त्याची फाईल असते, टिपणी असते आणि त्या निर्णयाची मर्यादित तपासणी न्यायालयालाही करता येते.

करुणा ही या दोहोंहून वेगळी आहे. समोरचा माणूस कितीही घोर अपराधी असला, तरी तो दुःख भोगू शकतो आणि कदाचित बदलूही शकतो, हे विसरू न देणारी ती दृष्टी आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मनोर परिसरात अपघात घडतो, तेव्हा दारूच्या नशेत गाडी चालवून इतरांचे प्राण घेणारा चालकही जखमी अवस्थेत रुग्णालयात आणला जातो. डॉक्टर त्याच्या जखमेला तितक्याच काळजीने टाके घालतात, आणि त्यामुळे त्याच्यावरील खटला रद्द होत नाही. टाके घालणे ही करुणा आहे, खटला चालणे हा न्याय आहे आणि एकाने दुसऱ्याचे काम अडत नाही.

शिक्षा कशासाठी : राबाचा दाखला

शिक्षेचे हेतू साधारणपणे चार सांगितले जातात. केल्या कर्माचे फळ मिळावे हा पहिला, इतरांना जरब बसावी हा दुसरा, धोकादायक माणूस समाजापासून दूर ठेवावा हा तिसरा, आणि त्याच्यात सुधारणा व्हावी हा चौथा. पहिल्या तिन्ही हेतूंसाठी कैद्याच्या मनात काय चालले आहे हे पाहण्याची फारशी गरज पडत नाही. चौथ्यासाठी मात्र त्याच्याकडे माणूस म्हणून पाहावेच लागते.

पालघर तालुक्यातील भातशेती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चार हेतू एकमेकांशी कसे जोडलेले असतात हे राबावरून चटकन समजेल. पावसाळ्यापूर्वी भाताचे रोप तयार करण्याच्या जागेवर शेतकरी पालापाचोळा, झाडांच्या फांद्या, शेण आणि गवत यांचे थर रचतो, त्यांवर माती टाकतो आणि ते सारे भाजतो. या आगीत तणाचे बी जळते आणि जमीन काळीठिक्कर पडते. परंतु भाजणे हे शेतीचे अर्धेच काम असते, कारण त्याच राखेवर पुढे भाताचे बी पेरायचे असते. शिक्षाही अशीच भाजणी आहे. ती टाळता येत नाही, ती पुरेशी कडक नसेल तर तण शिल्लक राहते, आणि ती उरकल्यावर कोणी काही पेरलेच नाही तर हाती केवळ राख उरते.

सुनावणीवाचून दिलेली शिक्षा

करुणेची बाजू दुबळी वाटते, कारण तिच्यामुळे न्याय लांबतो असा समज आहे. झटपट न्याय कसा दिसतो, याचे भयानक उदाहरण पालघर जिल्ह्याने स्वतः पाहिले आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या काळात, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जमावाने दोन साधूंची आणि त्यांच्या वाहनचालकाची हत्या केली. ते तिघे एका अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघाले होते. परिसरात चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवा पसरल्या होत्या आणि जमावाने त्यांनाच तसे मानले.

तेथे आरोप ठेवणारा, निवाडा करणारा आणि शिक्षा देणारा एकच होता, तो म्हणजे जमाव. समोरच्या माणसाचे म्हणणे ऐकण्याची एकही पायरी मध्ये नव्हती. एखाद्याने अत्यंत वाईट कृत्य केले आहे, अशी पक्की समजूत झाली की त्याचे काहीही ऐकून घेण्याची गरज नाही, ही भावना किती सहज निरपराधांचे प्राण घेते, हे त्या रात्रीने दाखवले. आरोपीला वकील मिळणे, त्याची बाजू ऐकली जाणे, शिक्षेआधी त्याच्या परिस्थितीचा विचार होणे, या गोष्टी गुन्हेगारांचे लाड म्हणून हिणवल्या जातात. प्रत्यक्षात जमाव आणि न्यायालय यांच्यातील अंतर त्यांनीच राखलेले असते. म्हणूनच या हत्येतील आरोपींचा दोषही न्यायालयातच, त्याच पायऱ्यांनी ठरला पाहिजे.

गुन्हा आणि गुन्हेगार, दोन्ही पाहणे

१९८० साली बच्चनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा घटनाबाह्य नसल्याचा निर्णय दिला, पण त्याच वेळी तिला कुंपणही घातले. खुनासाठी जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद, आणि तो अपवादही दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणातच, हे सूत्र तेथून आले. या निर्णयाचा गाभा असा, की न्यायाधीशाने शिक्षा ठरवताना केवळ गुन्हा पाहून भागत नाही, गुन्हेगारही पाहावा लागतो. त्याचे वय, त्याची परिस्थिती, कृत्यामागील मनःस्थिती आणि तो सुधारण्याची शक्यता या गोष्टी तराजूच्या दुसऱ्या पारड्यात टाकाव्या लागतात.

दीर्घकाळ हे दुसरे पारडे बहुधा रिकामेच राहत असे, कारण गरीब आरोपीच्या जन्मापासूनची हकिकत गोळा करून न्यायालयापुढे मांडणारे कोणी नसे. २०२२ साली मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अशी माहिती खटल्याच्या टप्प्यावरच मागवली गेली पाहिजे. मानसिक स्थितीचा अहवाल, कारागृहातील वर्तन आणि कौटुंबिक पार्श्वभूमी यांचा त्यात समावेश होतो. ही माहिती गुन्हा लहान करत नाही. शिक्षा कोणाला दिली जात आहे, हे न्यायाधीशाला कळावे एवढेच ती पाहते.

येथे एक रूढ गैरसमजही दूर केला पाहिजे. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, असे सर्रास म्हटले जाते. ते खरे नाही. गोपाळ विनायक गोडसे यांच्या खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की जन्मठेप म्हणजे उरलेल्या संपूर्ण आयुष्याचा कारावास. चौदा वर्षांचा आकडा १९७८ च्या कायदादुरुस्तीतून प्रचारात आला. तिचा अर्थ असा, की ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकत होती त्यातील जन्मठेपेच्या कैद्याला चौदा वर्षे प्रत्यक्ष भोगल्याशिवाय शासन सूट देऊन सोडू शकत नाही. म्हणजे चौदा वर्षे हा सुटकेचा दिवस नव्हे, सुटकेचा विचार सुरू होऊ शकणारा सर्वांत आधीचा दिवस होय.

दयेचा अर्ज : बॉयलरवरील झडप

तारापूर औद्योगिक वसाहतीतील बॉयलरवर काम करणाऱ्या कामगाराला सेफ्टी व्हॉल्व्ह समजावून सांगावा लागत नाही. वाफेचा दाब मर्यादेपलीकडे गेला तर ही झडप आपोआप उघडते. बॉयलर कच्चा आहे म्हणून ती बसवलेली नसते. उत्तम बॉयलरवरही ती सक्तीची असते, कारण दाबमापक चुकू शकतो आणि माणसाचे लक्ष ढळू शकते. न्यायव्यवस्थेतील दयेचा अधिकार ही अशीच झडप आहे. जिल्हा न्यायालय, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय या तिन्ही पायऱ्या पार झाल्यावरही, पुराव्याच्या चौकटीत न मावलेले काही राहून गेले काय, हे पाहण्याची ती शेवटची जागा असते.

झडप मात्र वेळेवर उघडावी किंवा बंद तरी राहावी लागते; गंजून अर्धवट अडकलेली झडप सर्वांत धोकादायक. महाराष्ट्रातील गावित भगिनींचे प्रकरण याचाच धडा देते. रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींनी आपल्या आईसह १९९० ते १९९६ या काळात राज्याच्या निरनिराळ्या शहरांतून लहान मुले पळवली, चोरी करताना आडोसा म्हणून त्यांचा वापर केला आणि ती अडचणीची ठरू लागल्यावर त्यांपैकी काहींना ठार केले. आई खटला संपण्यापूर्वीच मरण पावली. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ साली बहिणींना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने २००४ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ती कायम केली. याहून घोर गुन्हा कल्पिणेही कठीण.

त्यानंतर दयेचे अर्ज झाले आणि ते निकालात निघण्यास सुमारे आठ वर्षे लागली. राष्ट्रपतींनी ते २०१४ साली फेटाळले. त्याच वर्षी २१ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने शत्रुघ्न चौहान प्रकरणात निर्णय दिला होता, की दयेच्या अर्जावरील अवाजवी आणि शासनाला समर्थन देता न येणारा विलंब हे फाशीचे रूपांतर जन्मठेपेत करण्याचे कारण ठरू शकते. त्याच आधारावर मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२२ रोजी या बहिणींची फाशी रद्द करून ती जन्मठेपेत बदलली. त्यांचा गुन्हा न्यायालयाने तिळभरही सौम्य मानला नाही आणि त्यांना सोडलेही नाही. आज फाशी होईल की उद्या, या टांगणीवर वर्षानुवर्षे ठेवणे ही कायद्यात न लिहिलेली दुसरी शिक्षा आहे आणि ती देण्याचा अधिकार शासनाला नाही, असे या तत्त्वाचे सार सांगता येईल.

अर्ज करून उत्तराची वाट पाहणे सामान्य माणसालाही नवे नाही. जव्हार-मोखाड्यापासून तलासरीपर्यंतची माणसे वनहक्काचा, जमिनीचा किंवा दाखल्याचा अर्ज घेऊन कोळगाव येथील पालघर जिल्हा मुख्यालयात येतात. त्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते, की नकार एक वेळ सोसतो, पण उत्तरच न येणे माणसाला आतून पोखरते. दयेचा अर्ज हाही शेवटी एक अर्जच असतो. गावित भगिनींच्या अर्जाला वेळेत नकार मिळाला असता, तरी न्यायालयाला कदाचित हस्तक्षेपाचे कारण उरले नसते; आणि मुले गमावलेल्या आईबापांनाही इतकी वर्षे त्याच टांगणीवर राहावे लागले नसते. विलंबाची झळ दोन्ही बाजूंना बसते, हे या प्रकरणातील सर्वांत दुर्लक्षित सत्य आहे.

सोपाऱ्याची शिळा आणि तीन दिवसांची मुदत

ही झडप आधुनिक काळाची किंवा परदेशाची देणगी आहे, असे मानण्याचे कारण नाही. आजच्या पालघर जिल्ह्यातच, नालासोपाऱ्याजवळील प्राचीन शूर्पारक बंदरात, सम्राट अशोकाच्या चौदा शिलालेखांच्या मालिकेतील आठव्या आणि नवव्या लेखांचे तुकडे सापडले आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली तेथील स्तूपाचे उत्खनन केले होते. याच मालिकेतील पाचव्या लेखात, अन्यत्र सापडलेल्या प्रतींनुसार, धर्ममहामात्र या अधिकाऱ्यांच्या कामांत बंदिवानांची काळजी घेण्याचा उल्लेख येतो. ज्याच्यावर मुलाबाळांचा भार आहे, ज्याने कोणाच्या तरी चिथावणीने कृत्य केले आहे किंवा जो वृद्ध आहे, अशांचा विचार त्यांनी करावयाचा आहे. अशोकाच्या चौथ्या स्तंभलेखात तर मृत्युदंड झालेल्या कैद्यांना तीन दिवसांची मुदत दिलेली आहे, जेणेकरून त्यांचे नातलग फेरविचाराची विनंती करू शकतील किंवा कैदी दानधर्म व उपवास करून परलोकाची तयारी करू शकेल.

अशोकाने मृत्युदंड रद्द केला नाही, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. त्याने दंड ठेवला आणि दंडाच्या आत माणसासाठी तीन दिवसांची जागा केली. शत्रुघ्न चौहान निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने दयेचा अर्ज फेटाळल्याचे कैद्याला कळवणे आणि फाशीची अंमलबजावणी यांत किमान चौदा दिवसांचे अंतर सक्तीचे केले. तीन दिवसांचे चौदा झाले, तत्त्व मात्र तेच राहिले.

चूक उमगते तेव्हा

घोर गुन्ह्यांमध्ये लोकक्षोभ मोठा असल्याने तपासावर दडपण येते आणि म्हणूनच चुकीची शक्यताही वाढते. २००३ साली घडलेल्या आणि नाशिकच्या न्यायालयात चाललेल्या एका दरोडा, बलात्कार व हत्येच्या प्रकरणात भटक्या समाजातील सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली होती; २००९ साली सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीच ठरवली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी फेरविचार करून सहाही जणांना निर्दोष ठरवले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्यांतील एकालाही आधीच फाशी झाली असती, तर दुरुस्तीसाठी कोणी उरलेच नसते.

दुसरे उदाहरण पुण्याचे आहे. १९९४ साली पौड रस्त्यावरील एका घरात सात जणांची हत्या झाली आणि त्यात फाशीची शिक्षा झालेला एक आरोपी घटनेच्या वेळी केवळ साडेबारा वर्षांचा होता, हे २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. तोवर त्याने अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ कारागृहात काढला होता, त्यांतील बराचसा फाशीच्या छायेत. बालक म्हणून कायद्याने त्याला जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता आले असते. गुन्हा तितकाच घोर राहिला, सात जीव गेल्याचे दुःखही तितकेच राहिले, आणि तरीही ज्याला फासावर चढवायचे ठरले होते तो त्या वेळी एक मूल होता. हे सत्य बाहेर आले, याचे कारण कोणीतरी शिक्षेनंतरही त्याच्याकडे माणूस म्हणून पाहत राहिले आणि त्याच्या शाळेतील जन्मनोंद शोधण्याइतकी चिकाटी दाखवली गेली.

आवणी : टप्प्याटप्प्याने मोकळीक

राबात उगवलेले रोप तेथेच दाटीत वाढू दिले जात नाही. पाऊस स्थिरावला की ते उपटून, जुड्या बांधून, चिखलणी केलेल्या मोठ्या खाचरात लावले जाते. उत्तर कोकणात याला आवणी म्हणतात. एका दिवसात बराकीतून बाजारपेठेत आणून सोडलेला कैदी हा कोरड्या बांधावर फेकलेल्या रोपासारखा असतो, म्हणून कारागृहाच्या व्यवहारातही आवणीचे टप्पे ठेवलेले आहेत.

पहिला टप्पा रजेचा. महाराष्ट्रात १९५९ च्या नियमांनुसार दोन प्रकारच्या रजा मिळतात. फर्लो म्हणजे संचित रजा. ठरावीक शिक्षा भोगल्यावर, चांगले वर्तन राखणाऱ्या कैद्याचा घराशी असलेला धागा तुटू नये म्हणून ती दिली जाते आणि तिचा काळ शिक्षेतच मोजला जातो. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. घरातील मृत्यू, गंभीर आजारपण अशा निकडीच्या कारणासाठी ती मिळते आणि तिचा काळ सामान्यतः शिक्षेत धरला जात नाही. काही गंभीर गुन्ह्यांतील कैद्यांना या रजांपासून वगळलेले असते आणि परवानगीपूर्वी स्थानिक पोलिसांचा अहवाल मागवला जातो, म्हणजे येथेही करुणा डोळे उघडे ठेवूनच चालते.

दुसरा टप्पा खुल्या कारागृहाचा. याचा आद्य प्रयोग महाराष्ट्राच्याच मातीत झाला. औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी आणि भारतानंद या नावाने ओळखले गेलेले पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळच्या उजाड माळावर स्वतंत्रपूर नावाची वसाहत उभी राहिली. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणारे कैदी तेथे भिंतीवाचून, साखळदंडावाचून शेती करू लागले. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. स्वतंत्रपूरची वसाहत आजही राज्याच्या कारागृह विभागाच्या अखत्यारीत चालते. येरवडा आणि पैठण येथेही खुली कारागृहे आहेत.

भिंत नसताना कैदी पळून का जात नाही, हा येथील खरा प्रश्न. बंद कारागृहात कैद्यावर पहारेकऱ्याचे लक्ष असते, खुल्या कारागृहात त्याला स्वतःच स्वतःचा पहारा करावा लागतो. पळाल्यास मिळवलेली सूट, कुटुंबाची भेट आणि सुटकेची आशा हे सारे एका रात्रीत जाणार असते. विश्वास टाकला की माणसाकडे गमावण्यासारखे काहीतरी तयार होते आणि त्या गमावण्याच्या भीतीतूनच जबाबदारीची पहिली सवय लागते.

तिसरा टप्पा मुदतपूर्व सुटकेचा. यात शासन गुन्ह्याच्या स्वरूपानुसार कैद्यांचे वर्ग पाडते आणि क्रूर गुन्ह्यांसाठी अधिक वर्षांची अट ठेवते. लक्ष्मण नस्कर प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने विचारात घेण्याचे मुद्दे सांगितले : गुन्ह्याचा समाजावर व्यापक परिणाम झाला आहे काय, तो पुन्हा घडण्याची शक्यता आहे काय, कैद्याची गुन्हा करण्याची क्षमता संपली आहे काय, त्याला आणखी ठेवण्यात काही अर्थ उरला आहे काय आणि त्याच्या कुटुंबाची स्थिती कशी आहे.

पीडितांना डावलून नव्हे

हीच यंत्रणा पीडिताकडे पाठ फिरवून चालवली, तर काय होते हे बिल्किस बानो प्रकरणाने दाखवले. २००२ च्या गुजरातमधील हिंसाचारात त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला आणि त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीसह अनेक आप्तांची हत्या झाली. निःपक्ष सुनावणीसाठी खटला मुंबईत हलवण्यात आला आणि २००८ साली तेथील विशेष न्यायालयाने अकरा जणांना जन्मठेप दिली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात शासनाने त्या अकरा जणांना सूट देऊन सोडले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही सूट रद्द केली आणि त्यांना दोन आठवड्यांत कारागृहात परतण्याचा आदेश दिला. खटला जेथे चालला त्या महाराष्ट्र राज्याच्याच शासनाला सुटकेचा निर्णय घेण्याचा अधिकार होता, असे न्यायालयाने म्हटले. ज्या दयेने पीडितेला पुन्हा भीतीच्या छायेत लोटले, तिला करुणा म्हणता येत नाही. करुणेची पहिली कसोटी पीडितेच्या सुरक्षिततेचीच असते.

या दृष्टीने महाराष्ट्रातील मनोधैर्य योजना महत्त्वाची ठरते. २०१३ साली सुरू झालेल्या या योजनेतून बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतील पीडितांना आर्थिक साहाय्य, समुपदेशन आणि पुनर्वसनाचा आधार देण्याची तरतूद आहे. पीडिताला मदत मिळत नाही आणि कैद्याला मात्र सवलत मिळते, असे लोकांना दिसते, तेव्हा त्यांचा राग न्याय्य असतो. त्यावरचा उपाय पीडिताची मदत वाढवणे हाच आहे, कारण कैद्याची हेळसांड केल्याने पीडिताच्या ताटात एक घासही अधिक पडत नाही.

सगळेच कैदी सुधारतात, असे म्हणणेही प्रामाणिकपणाचे होणार नाही. काही माणसे कधीही बाहेर येऊ नयेत, इतकी धोकादायक असतात. अशांसाठी २००८ च्या स्वामी श्रद्धानंद प्रकरणापासून न्यायालयांनी मधला मार्ग स्वीकारला आहे, ज्यात फाशीऐवजी ठरावीक दीर्घ मुदतीचा किंवा मरेपर्यंतचा, सूट नसलेला कारावास देता येतो. जो कधीच सुटणार नाही, त्याच्याही वाट्याला करुणा येते. ती औषधोपचाराच्या, मुलाखतीच्या खिडकीशी आलेल्या बहिणीच्या, हाताला मिळालेल्या कामाच्या आणि वॉर्डरने शिवीऐवजी नावाने मारलेल्या हाकेच्या रूपाने येते. कारागृहाच्या दारात माणसाचे मूलभूत हक्क गळून पडत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालच्या सुनील बत्रा प्रकरणातच सांगून ठेवले आहे.

---

चौकट : थोडक्यात

- क्षमा पीडिताची, दया शासनाची आणि करुणा सर्वांची. एकाचा अधिकार दुसऱ्याने वापरू नये.
- करुणा शिक्षा रद्द करत नाही. शिक्षा देताना आणि भोगवताना समोर माणूस आहे, याचे भान ती राखते.
- जन्मठेप म्हणजे संपूर्ण आयुष्य. चौदा वर्षे ही सुटकेच्या विचाराची किमान अट आहे.
- दयेचा अर्ज ही चूक दुरुस्त करण्याची शेवटची झडप आहे. त्यावरील विलंब कैदी आणि पीडित या दोघांनाही छळतो.
- रजा, खुले कारागृह आणि मुदतपूर्व सुटका हे क्रमाने येणारे टप्पे आहेत.
- पीडिताच्या सुरक्षिततेवाचून दिलेली सूट ही करुणा ठरत नाही.

---

पुन्हा त्या कोड्याकडे

पसायदान म्हणणारा आणि फाशीची मागणी करणारा माणूस ढोंगी असतो, असे आता म्हणता येणार नाही. मागणी करताना त्याच्या मनातील झोत पीडितावर स्थिरावलेला असतो आणि हात जोडताना तो थोडा पुढे सरकतो. लोकांच्या मनातील झोत केव्हा सरकेल याची वाट पाहत बसणे समाजाला परवडत नाही, म्हणूनच कायद्याने न्यायाधीशाच्या तराजूत दुसरे पारडे ठेवले, दयेच्या अर्जाला जागा दिली आणि खुल्या माळावर वसाहत वसवली. क्षोभाच्या क्षणी कोणालाही जे सुचणार नाही, ते शांत असताना आधीच करून ठेवणे, हेच या यंत्रणांचे काम आहे. पालघरचा शेतकरीही बी-बियाणे राब भाजण्याआधीच कणगीत सांभाळून ठेवतो. धूर निवल्यावर, पहिल्या पावसानंतर, काळ्या पडलेल्या त्याच वाफ्यात ते त्याला पेरायचे असते.